पाद्र्याचा मुलगा, दगडांचा मास्तर

आमच्या डब्लिनमधून कोलंबसच्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत जायला गाडीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. इथल्या बहुतेक मराठी घरांतलं कुणी ना कुणी तिथे शिकलेलं असतं, नाहीतर नोकरीला असतं. फुटबॉलची मॅच असली की आपण सगळेच लाल टी-शर्ट घालून मोकळे होतो. पण त्या युनिव्हर्सिटीतल्या ‘ओव्हल’च्या कडेला जी जाडजूड दगडी इमारत आहे, मनोरा असलेली, तिला ऑर्टन हॉल का म्हणतात हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

तिथे पहिल्यांदा गेले ती मुलामुळे. चौथीत होता तेव्हा. शाळेतल्या एका मित्राने त्याला सांगितलं की पृथ्वी सहा हजार वर्षांपूर्वी देवाने सहा दिवसांत केली, चर्चमध्ये तसंच शिकवतात. शाळेच्या पुस्तकात कोट्यवधी वर्षं लिहिलेली. आणि त्याच आठवड्यात, सहा महिन्यांसाठी आलेल्या त्याच्या आजीने त्याला मत्स्य, कूर्म, वराह असे दशावतार सांगितले, वर हेही सांगितलं की आपल्याकडे हे सायन्स आधीपासूनच होतं. पोरगा गोंधळला. परीक्षेत यातलं कुठलं लिहायचं, एवढाच त्याचा प्रश्न होता. मला धड उत्तर देता येईना. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने ऑर्टन हॉलमधलं म्युझियम दाखवून आण म्हणून सुचवलं. तिथून परतल्यावर मी एडवर्ड ऑर्टन हा माणूस कोण होता ते वाचायला घेतलं आणि त्यात अडकलेच.

ऑर्टन यांचा जन्म ९ मार्च १८२९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या डिपॉझिट नावाच्या गावातला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री. घरात बायबल, प्रार्थना आणि शिस्त. मुलानेही पुढे पाद्रीच व्हायचं हे जवळपास ठरलेलं. एकोणिसाव्या वर्षी, १८४८ मध्ये, हॅमिल्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत दाखल झाले. सेमिनरी म्हणजे पाद्री तयार करणारी शाळा. पण डोळ्यांनी दगा दिला, वाचन बंद करावं लागलं आणि शिक्षण अर्धवट सुटलं.

पोटापाण्यासाठी त्यांनी फ्रँकलिन नावाच्या गावातल्या एका शाळेत मास्तरकी धरली. तिथे निसर्गविज्ञान शिकवायचं काम गळ्यात पडलं. शिकवता शिकवता गोडी लागली. म्हणून १८५२ मध्ये ते काही महिने हार्वर्डला जाऊन वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकून आले. तिथे त्यांना शिकवायला एसा ग्रे होते, जे पुढे अमेरिकेत डार्विनची बाजू मांडणारे मोठे शास्त्रज्ञ झाले.

इथून त्यांची ओढाताण सुरू झाली. विज्ञान जसजसं आवडायला लागलं, तसतसा लहानपणी शिकलेला धर्म सैल व्हायला लागला. याचा त्यांना आनंद झाला नाही, त्यांना त्याची धास्ती वाटली. मग त्यांनी काय करावं? मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर सेमिनरीत नाव घातलं. ही सनातनी म्हणून नावाजलेली संस्था. तिथल्या प्राध्यापकांना ठरलेल्या श्रद्धापत्रकाला दर पाच वर्षांनी पुन्हा जाहीर मान्यता द्यावी लागे. डळमळणारी श्रद्धा घट्ट व्हावी म्हणून हा माणूस आपण होऊन तिथे गेला. धर्म सोडायला निघालेला माणूस असं करत नाही.

काही काळ तो उपाय लागूही पडला असावा. १८५६ मध्ये त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, डाउन्सव्हिल या छोट्या गावात त्यांनी चर्च सांभाळलं. पण त्याच वर्षी ऑल्बनीच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या सरकारी कॉलेजात, निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. चांगली नोकरी, आवडीचा विषय. तीनच वर्षांत तिथे त्यांच्यावर पाखंडाचा आरोप आला. त्यांचे धर्मविचार जुन्या कडक शिकवणीत बसेनासे झाले होते. १८५९ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली.

डार्विनचं गाजलेलं पुस्तक त्याच १८५९ च्या नोव्हेंबरात निघालं, पण ऑर्टन यांच्या मनात चाललेली खळबळ त्याच्या बऱ्याच आधीची. आपण सगळं खापर डार्विनवर फोडतो, पण पृथ्वी फार जुनी आहे हे खडक वाचणाऱ्यांना त्याच्या आधी कळून चुकलं होतं आणि त्यातले कितीतरी जण स्वतः पाद्री होते.

तिशीतला माणूस, अंगावर पाखंडी हा शिक्का. पुढची सहा वर्षं ते चेस्टर नावाच्या खेड्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. या काळाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मला मात्र तोच काळ जास्त आठवतो. व्हिसाच्या भानगडीत करिअर पाच-सहा वर्षं अडकून पडलेली कितीतरी मंडळी आपल्या ओळखीची आहेत. ती जशी गप्प राहून काम करत राहतात, तसेच ते राहिले.

१८६५ मध्ये त्यांना ओहायोने बोलावलं. यलो स्प्रिंग्ज गावातलं अँटिऑक कॉलेज. हेही धार्मिक मंडळींनीच काढलेलं, पण वेगळ्या वळणाचं. मुलं आणि मुली एकत्र शिकत. युद्धानंतर ते नव्याने उभं राहिलं ते युनिटेरियन पंथाच्या मदतीने. हा उदार एकेश्वरी पंथ, आपल्या प्रार्थना समाजाशी त्याचे चांगले संबंध होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला शिकायला गेले ते युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर. ज्या धर्माच्या एका गटाने ऑर्टन यांना बाहेर काढलं, त्याच धर्माच्या दुसऱ्या गटाने त्यांना वर्ग दिला, फळा दिला आणि शिकवू दिलं. १८७२ मध्ये तर कॉलेजचं अध्यक्षपदही दिलं.

यलो स्प्रिंग्जच्या आसपास खडक उघडे पडलेले आहेत. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हारस थिजून झालेला काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात शंख-शिंपले शोधून सापडायचे नाहीत. ओहायोचं उलट आहे. इथला चुनखडक म्हणजे जुन्या समुद्राचा तळ. सिनसिनाटीकडे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे शिंपले पावसानंतर नुसते वेचायला मिळतात. डब्लिनमधल्या इंडियन रनच्या धबधब्याखालचा खडकही समुद्रातच तयार झालेला. १८६९ मध्ये राज्याचं भूगर्भ सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा ऑर्टन त्यात सहायक म्हणून गेले, आणि दक्षिण-पश्चिम ओहायो पायी पालथा घातला.

मग १८७३ साल आलं. सरकारी पैशांतून कोलंबसजवळ नवं शेतकी आणि तांत्रिक कॉलेज निघत होतं. ओहायोत तेव्हा कॉलेजं कमी नव्हती. ग्रॅनव्हिलमध्ये, डेलावेअरमध्ये, वेस्टरव्हिलमध्ये, बहुतेक कुठल्या ना कुठल्या पंथाची. मेथडिस्टांचं वेगळं, बॅप्टिस्टांचं वेगळं. कुठल्याच पंथाचं नसलेलं कॉलेज हे लोकांना नवल होतं. त्याचे पहिले अध्यक्ष, आपल्या भाषेत कुलगुरू, झाले ऑर्टन. १७ सप्टेंबर १८७३ ला जेमतेम दोन डझन विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाले, त्यात मुलीही होत्या. १८७८ मध्ये त्याचं नाव ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी झालं.

ही तारीख वाचून मी थबकले. बरोबर एका आठवड्याने, २४ सप्टेंबर १८७३ ला, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी त्यांची ‘गुलामगिरी’ आली, ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलेली. ब्रह्मदेवाच्या मुखातून कोण आणि पायांतून कोण जन्मलं या कथेची, आणि आजीच्या त्या दशावतारांची, फुल्यांनी त्यात उलटतपासणी घेतली आहे. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नसणार. ऑर्टन यांच्यासमोर प्रश्न पृथ्वीच्या वयाचा होता, फुल्यांसमोर माणसाच्या किमतीचा. पण उत्पत्तीची कथा ही नुसती कथा राहत नाही, तिच्यावर कुणाची नोकरी आणि कुणाचं अख्खं आयुष्य ठरतं, हे दोघांनी भोगलेलं होतं.

बाकी ठिकाणी काय चाललं होतं तेही बघा. १८७८ मध्ये टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट या तेव्हाच्या मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत अलेक्झांडर विंचेल या भूशास्त्रज्ञाचं पद गेलं. आदमाच्या आधीही माणसं होती, असं लिहिल्यामुळे. विंचेल स्वतः श्रद्धाळू मेथडिस्ट होते. त्या वर्षी कोलंबसमध्ये मात्र ऑर्टन यांच्या कॉलेजातून पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडत होती.

१८८१ मध्ये ऑर्टन यांनी अध्यक्षपद आपण होऊन सोडलं. खुर्चीपेक्षा त्यांना दगड प्रिय होते. १८८२ पासून ते राज्याचे भूशास्त्रज्ञ झाले. आणि तिथे लोकांना न आवडणारं बोलायची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली. १८८४ मध्ये फिंडलीला जमिनीखाली गॅस सापडला. गावाला वेड लागायचं बाकी होतं. कारखान्यांना गॅस जवळपास फुकट, रस्त्यांवरचे दिवे भरदिवसा जळत. जमिनीखाली गॅस सतत तयार होत राहतो, तो कधी संपणारच नाही, अशी लोकांची समजूत. ऑर्टन यांनी खडक तपासून सांगितलं की हा साठा आहे, झरा नाही, जपून वापरा. गावाला ते रुचलं नाही. पुढच्या काही वर्षांत विहिरींचा दाब उतरत गेला आणि बरेच कारखाने थंडावले.

१८९१ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, डावा हात निकामी झाला. तरी ते शिकवत राहिले. १८९३ मध्ये त्यांच्या नावाची इमारत उभी राहिली. ती ओहायोतल्याच चाळीस प्रकारच्या दगडांची आहे, आणि ते दगड जमिनीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने लावलेत. सर्वांत जुना तळाला, नवे वर. १८९९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांची सर्वांत मोठी परिषद कोलंबसला भरली, तिचे अध्यक्ष ऑर्टन होते. दोनच महिन्यांनी, १६ ऑक्टोबरला, ते गेले.

त्यांच्यानंतरही हा वाद मिटलेला नाही. अँटिऑक ज्या ग्रीन काउंटीत आहे, त्याच काउंटीत सीडरव्हिल ही बॅप्टिस्ट युनिव्हर्सिटी आहे. तिथे भूशास्त्राची पदवी मिळते आणि सहा दिवसांच्या उत्पत्तीवरची श्रद्धाही संस्थेच्या श्रद्धापत्रकात आहे. प्राध्यापकांना ते मान्य असावं लागतं. सरकारी शाळांतही उत्क्रांतीच्या धड्यावरून ओहायोत २००२ ते २००६ अशी चार वर्षं रण माजलं होतं. खासगी संस्थेने काय मानावं हा तिचा प्रश्न. पण ज्याला दगडात एक दिसतं आणि सही दुसऱ्यावर करावी लागते, त्या शिक्षकाची रात्रीची झोप कशी असेल, हे ऑर्टन यांचं आयुष्य वाचल्यापासून माझ्या मनात येतं.

मुलाला मी शेवटी सांगितलं की परीक्षेत दगडाने सांगितलेलं लिही, आजीची गोष्ट आजीजवळ बसून ऐक, आणि मित्राची थट्टा करू नको. आजींना दुसरा भाग पटला, पहिल्यावर अजून चर्चा चालू आहे. त्या मित्रालाही आम्ही एकदा बरोबर नेलं. म्युझियममध्ये होम्स काउंटीत सापडलेला, हिमयुगातल्या प्रचंड स्लॉथचा सांगाडा आहे. दोघं पोरं त्याच्या नखांकडे बघत बराच वेळ गप्प उभी होती.

तुमचे आई-बाबा उन्हाळ्यात आले आणि मॉल बघून कंटाळले, तर त्यांना इथे जरूर आणा. प्रवेश फुकट आहे, पार्किंगचे पैसे तेवढे पडतात. आत जाण्याआधी भिंतीच्या अगदी खालच्या दगडाला हात लावून बघा.