हाफकिन आणि साखळीचा शेवटचा दुवा

नाडी पाहणारा डॉक्टर लोकांच्या स्मरणात राहतो. सूक्ष्मदर्शकापाशी बसणाऱ्याची आठवण होते ती काही चुकले म्हणजे. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र याची साक्ष देते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते प्रथम ग्रंथालयातील साहाय्यक होते. तेथेच त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा सरकारने त्यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर काम सुरू झाले. १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही त्यांनी आधी आपल्याच अंगावर आजमावली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. उरलेल्या बाटल्यांची लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. चौकशी आयोगाने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. शिवाय उघडतेवेळी लसीला दुर्गंधी नव्हती. जंतू आधीपासून वाढत असते, तर ती आल्याखेरीज राहिली नसती. हे पुरावे पुढे ठेवून रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठविला, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते कलकत्त्यास परतले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांना पुन्हा लाभली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्राचा बोध गोंदियासारख्या जिल्ह्याला विशेष लागू पडतो. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्टीत ताप हिवतापाचा की अन्य कशाचा, हे रक्ताचा थेंब तपासल्यावाचून कळत नाही. पूर्व विदर्भातील सिकलसेलचे निदानही प्रयोगशाळाच करते. विवाहापूर्वी त्यावरच दोन कुटुंबांचे निर्णय अवलंबून असतात. अंदाजपत्रकात इमारत आणि यंत्र यांची किंमत दिसते. नमुना घेणाऱ्या, त्यावर नाव लिहिणाऱ्या, उपकरण उकळणाऱ्या हातांच्या शिक्षणाची किंमत दिसत नाही. मुल्कोवालला १९ जीव गेले ते शास्त्र अपुरे होते म्हणून नव्हे, शेवटच्या हाताकडे कोणी लक्ष दिले नव्हते म्हणून. प्रयोगशाळेवर खर्च करताना पहिला पैसा त्या हातावर खर्च व्हावयास हवा.