समूहगानाचे आद्य प्रवर्तक : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

ईश्वरभक्तीला स्वरांची जोड लाभली आणि त्या स्वरांत समाजाचा कंठ मिळाला, म्हणजे भक्ती ही एकट्याची न राहता सर्वांची होते. हे सत्य ज्यांनी आपल्या आयुष्याने सिद्ध केले, ते गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर होत.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. बालपणी शोभेच्या दारूच्या अपघातात विष्णूंची दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षण थांबले. परंतु हीच आपत्ती त्यांना संगीताकडे घेऊन गेली. मिरज संस्थानच्या आश्रयाखाली पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी खडतर विद्याभ्यास केला.

त्या काळी गवयाची कला वाखाणली जाई, पण गवयाला समाजात मान नसे. हे शल्य उरी बाळगून १८९६ साली त्यांनी मिरज सोडले. राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर भिस्त ठेवून सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले व १९०८ साली ते कार्य मुंबईस आणले. निवडक शिष्यांच्या निवास-भोजनाचा भार संस्थाच वाहत असे. शृंगारिक शब्दांच्या जागी त्यांनी भक्तिपर पदे योजली, स्वरलिपीसह पुस्तके छापली. त्यामुळे कुलीन घरांतील मुलामुलींना संगीताचे द्वार खुले झाले.

शिस्तबद्ध समूहगान हे त्यांच्या कार्याचे खास वैशिष्ट्य होय. शिष्यवृंदासह ते रामधून आळवीत आणि सारी सभा त्यांच्यामागून गाऊ लागे. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात त्यास हरकत घेतली गेली, तरीही त्यांनी ते गीत पूर्ण गायिले. त्यांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमती आश्रमाच्या प्रार्थनेला सूर दिला. १९३० च्या दांडीयात्रेतही ते सहभागी होते.

मुंबईत विद्यालयाची स्वतःची वास्तू उभी राहिली, पण तिच्यासाठी काढलेले कर्ज फिटेना. गावोगाव जलसे करूनही बोजा उतरला नाही. अखेर १९२४ साली त्या वास्तूचा लिलाव झाला. आयुष्यभराची पुंजी डोळ्यांदेखत गेली, परंतु पंडितजी खचले नाहीत. नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात त्यांनी उर्वरित आयुष्य भजनात व विद्यादानात घालविले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले.

त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर अशा शिष्यांनी गुरूंची विद्या देशभर पोहोचविली. सुपुत्र पं. द. वि. पलुस्कर यांनीही आपल्या अल्पायुष्यात ते नाव उज्ज्वल केले.

वास्तू गेली, पण संस्था गेली नाही. कारण ती विटांवर नव्हे, घडविलेल्या माणसांवर उभी होती. आज मंदिराच्या सभामंडपात आबालवृद्ध एका सुरात स्तवन म्हणतात, तेव्हा समूहाच्या कंठाचे हे सामर्थ्य प्रत्ययास येते. सुवर्ण महोत्सवी टप्प्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही धर्मादाय संस्थेने या जीवनापासून हाच बोध घ्यावा. पंडितजींच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन !