माशांचे दुखणे जगाला सांगणारी रॅचेल कार्सन

खरिपात आसेगाव (जि. वाशीम) परिसरात कपाशी, सोयाबीन, तुरीवर फवारणी होते. पाठोपाठ जोराचा पाऊस आला, की शेतातले औषध ओढ्या-नाल्यांत उतरते. पाण्यात गेलेले असे विष पुढे काय करते, हे साऱ्या जगाला समजावून सांगितले रॅचेल कार्सन यांनी.

त्यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. १९३२ मध्ये त्यांनी प्राणिशास्त्रात एम.ए. केले, प्रबंधाचा विषय होता मांजरमाशाच्या भ्रूणातील मूत्रपिंड. पैशांच्या ओढाताणीत पीएच.डी. राहून गेली. १९३६ मध्ये त्या सरकारच्या मत्स्य विभागात कायम झाल्या. समुद्रावरील पुस्तक गाजल्यावर १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

१९६२ मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक आले. त्यात कॅनडातील मिरामिची नदीची हकिकत आहे. १९५४ मध्ये तेथील जंगलावर विमानातून डीडीटी फवारले गेले. नदीकाठी मेलेले मासे दिसू लागले. पाण्यातले किडेही मेल्याने वाचलेल्या पिल्लांना खायला काही उरले नाही.

हे लिहिताना कार्सन स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या. रसायन कंपन्यांनी टीकेची झोड उठवली. पण १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान समितीने त्यांच्या म्हणण्याला बळ दिले. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीतील डीडीटी थांबवले, भारताने १९८९ मध्ये.

डीडीटी गेले, तरी धोका गेला नाही. ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. मग नसांचे संदेश थांबत नाहीत. मासा मरण्याआधीच त्याचे वागणे बदलते: तो वेडावाकडा पोहतो, तोल जातो, हवेसाठी पृष्ठभागावर येतो, खाणे सोडतो, शत्रूपासून पळत नाही.

हेच विकर माणसातही असते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीनंतर घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणे किंवा स्नायू फडफडणे सुरू झाले, तर कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. पंप ओढ्यात धुऊ नये. ओढ्यातले मासे अचानक वेगळे वागू लागले, तर ते पाणी माणसांनी आणि गुरांनीही पिऊ नये.