रेव्हरंड टिळक : सर्वस्व सोडल्यावर सापडलेला आसरा

नागपूर : नागपूरहून छत्तीसगडकडे जाणाऱ्या लोहमार्गाने आजवर असंख्य प्रवासी वाहिले. त्यातील एका प्रवासाने मात्र मराठी कवितेची आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाची दिशा बदलली. 1893 च्या सुमारास संस्कृतचा एक तरुण पंडित नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाला होता. डब्यात समोर बसलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्याच्याशी संस्कृत काव्याविषयी गप्पा सुरू केल्या. गप्पांचा ओघ धर्माकडे वळला आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने पंडिताच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली. दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. पंडिताला ते हास्यास्पद वाटले. त्या पंडिताचे नाव नारायण वामन टिळक.

फुलामुलांचे कवी म्हणून शालेय पुस्तकांतून मराठी माणसाच्या ओळखीचे झालेले रेव्हरंड टिळक ते हेच. त्यांच्या कवितेची गोडी सर्वांना ठाऊक आहे. त्या गोडीमागे घर, जात, पत्नी आणि पुत्र यांच्या वियोगाची केवढी किंमत होती, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

अस्थिर तारुण्य

6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात टिळकांचा जन्म झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने अत्यंत कडक होते. आई जानकीबाई हळव्या मनाच्या आणि काव्याची आवड असलेल्या. मुलगा लहान असतानाच आईचे छत्र हरपले आणि त्यानंतर घर असे त्याला उरलेच नाही. नाशिकला त्याने गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण थोडकेच झाले. परंतु वाचन, वक्तृत्व आणि शीघ्रकवित्व यांच्या बळावर त्याचे नाव हळूहळू पसरू लागले.

1880 च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे मराठी साहित्यात अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचे प्रस्थ विलक्षण होते. अशा घरातून आलेल्या मुलीच्या वाट्याला मनस्वी, भटका आणि पैशाच्या बाबतीत पूर्णपणे बेफिकीर असा पती आला. टिळक एका गावी फार काळ टिकत नसत. कधी शिक्षकी, कधी कीर्तन, कधी प्रवचन असा त्यांचा उद्योग चाले. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन ते मोकळ्या हाताने घरी परतत.

नागपूरचे दिवस

या भटकंतीत टिळक नागपुरात आले आणि तेथे त्यांना आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला. बुटींच्या संग्रहातील संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. धर्मचर्चेसाठी 'ऋषि' नावाचे मासिकही त्यांनी काही काळ चालविले. हिंदू धर्माचे मूळ स्वरूप लोकांसमोर मांडावे, ही त्यामागची तळमळ होती.

नागपूर त्या काळी ख्रिस्ती मिशनला अपरिचित नव्हते. स्कॉटलंडहून आलेले स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये येथे पोहोचले होते. त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 मध्ये उभे राहिले. पण टिळकांच्या मनात मिशनऱ्यांविषयी ओढ नव्हती. त्यांना अस्वस्थ करीत होती ती जातिभेदाने विस्कटलेली समाजाची अवस्था. माणसामाणसांत बंधुभाव निर्माण करील आणि देवाला पित्याच्या नात्याने जवळ आणील, अशा धर्माचा त्यांचा शोध चालू होता.

शंका, संसाराची ओढाताण आणि उपजीविकेची चिंता यांनी घेरलेल्या अशा मनःस्थितीत ते राजनांदगावच्या गाडीत बसले होते.

दोन वर्षांची घालमेल

दिलेला शब्द पाळायचा म्हणून टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवर प्रेम करण्याची, उद्याची चिंता देवावर सोपविण्याची ती शिकवण त्यांच्या अंतःकरणाला भिडली. हिंदू तत्त्वज्ञानाने न सुटलेले आपले प्रश्न येथे सुटत आहेत, असे त्यांना वाटू लागले.

यानंतरचा काळ सुखाचा नव्हता. मनाने ख्रिस्ताला गुरू मानले, तरी ते उघडपणे सांगण्याचे धैर्य होईना. एका ख्रिस्ती नियतकालिकात टोपणनावाने लेखन करून त्यांनी आपल्या शंका मांडल्या. त्यातून मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला. बाप्तिस्मा घ्यावा तर पत्नी आणि लहानगा दत्तू दुरावणार, न घ्यावा तर स्वतःशीच प्रतारणा. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या भारतीय धर्मगुरूंच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. गाडीतील त्या अनोळखी गृहस्थाचे भाकीत खरे ठरले होते.

त्या क्षणी टिळकांजवळ काय उरले होते? कुळाने नाते तोडले. पांडित्याला पूर्वीच्या वर्तुळात मोल राहिले नाही. पत्नी मुलाला घेऊन नातलगांकडे राहिली. ज्या समाजात त्यांनी प्रवेश केला होता, तोही परका होता.

तुरुंगातून लिहिलेले पत्र

नव्या करारातील 27 पुस्तकांपैकी 21 पत्रे आहेत. त्यातील बरीचशी पौलाच्या नावावर आहेत. टिळकांना प्रथम ओढून नेले ते शुभवर्तमानाने. तथापि त्यांच्या पुढील आयुष्याचा अर्थ लावू गेल्यास पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

अवघ्या चार अध्यायांचे हे पत्र पौलाने बंदिवासातून लिहिले. मासेदोनियातील फिलिप्पै नगरीच्या मंडळीने त्याच्यासाठी एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर मदत धाडली होती. तो माणूस मरणाच्या दारापर्यंत आजारी पडून बरा झाला. त्याला परत पाठविताना पौलाने हे पत्र लिहिले. सुटका होईल की मृत्युदंड, याची त्याला खात्री नव्हती. तरीही साऱ्या पत्रात आनंदाचा सूर भरून राहिला आहे.

या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल आपल्या जमेच्या बाजू मोजतो. उत्तम कूळ, निर्दोष वंश, शास्त्राचे कडक पालन, परुश्यांमधील मानाचे स्थान. हे सारे आपण ख्रिस्तासाठी तोट्याच्या खात्यावर मांडले, असे तो कळवितो. शेवटच्या अध्यायात विपुलता असो की टंचाई, दोन्हींत समाधानी राहण्याचे रहस्य आपल्याला गवसल्याचे तो सांगतो.

चित्पावन कुळात जन्मलेल्या, शास्त्रांत पारंगत असलेल्या टिळकांच्या चरित्राशी या दोन अध्यायांचे साम्य ठळक आहे. मानवी सुरक्षिततेचे जे आधार, तेच दोघांनीही हातचे सोडले. सुरक्षितता सोडल्यानंतर मिळालेला आसरा हा संकट टाळणारा नव्हता. संकटात उभे राहण्याचे बळ देणारा होता. पौलाची बेडी पत्र लिहिल्याने तुटली नाही. टिळकांचे घरही बाप्तिस्म्याने सावरले नाही. ते सावरण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

विरह आणि पुनर्मीलन

धर्मांतराच्या बातमीने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पंढरपूरला बहिणीच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढले. नवरा जिवंत असून अंतरलेला, समाजाच्या नजरेत ना सधवा ना विधवा, अशी त्यांची स्थिती झाली. याच दुःखातून त्यांच्या हातून कविता उमटू लागली. टिळक त्यांना सतत पत्रे पाठवीत राहिले. आपला विश्वास पत्नीवर लादायचा नाही, परंतु तिला टाकायचेही नाही, या निश्चयावर ते ठाम होते.

सुमारे पाच वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आल्या. प्रारंभी त्यांनी आपले सोवळे सांभाळून वेगळे राहणे पसंत केले. टिळकांनी त्यास हरकत घेतली नाही. पुढे राहुरीच्या मुक्कामात जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाने त्यांना ग्रासले आणि तो माणसानेच केला, असा कौल त्यांच्या मनाने दिला. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय सर्वस्वी त्यांचा होता आणि म्हणूनच तो टिकला.

तो काळ छप्पनच्या दुष्काळाचा होता. प्लेगनेही थैमान घातले होते. टिळकांच्या तुटपुंज्या मिळकतीत अनाथ मुलांचे पोट भरत होते. घरात पाहुण्यांची वर्दळ असे आणि डब्यात धान्य नसे. या ओढग्रस्तीची कहाणी लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे'त विनोदाची झालर लावून सांगितली आणि मराठी आत्मचरित्राला एक मानदंड मिळाला.

तुकोबांच्या पुलावरून

टिळक ख्रिस्ती झाले, पण परके झाले नाहीत. 1904 मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन यांना चर्चचे दार उघडून दिले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. पौलाच्या पत्रांत ख्रिस्तामध्ये असणे ही कल्पना पुन्हापुन्हा येते. भागवत परंपरेत वाढलेल्या मराठी मनाला ती सायुज्याच्या वाटेने समजते, हे 'अभंगांजली' वाचताना जाणवते. देवाशी एकरूप होण्याची वारकऱ्याची आर्तता तेथे येशूच्या चरणी रुजू झाली आहे.

1912 पासून त्यांनी 'ज्ञानोदय' या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. साहित्यविश्वाशी त्यांचे नाते धर्मांतरानंतरही तुटले नाही. 1907 मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोवळा तरुण चमकला आणि 'बालकवी' ठरला. टिळकांनी त्याला आपल्या अहमदनगरच्या घरी नेले आणि टिळक दांपत्याने त्याला मुलासारखे वागविले. जातीच्या भिंती पाडण्याची भाषा करणाऱ्या या घरात त्या भिंती खरोखरच पडल्या होत्या.

येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा 'ख्रिस्तायन'चा संकल्प त्यांनी सोडला. सुरुवातीचे अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेले बहुतेक सर्व काम त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी तडीस नेले. एकेकाळी ज्या ग्रंथापायी त्यांचा संसार मोडला, त्याच ग्रंथातील कथा त्यांनी स्वतःच्या ओवीतून गाइली.

शेवटचा त्याग

आयुष्याच्या उत्तरार्धात टिळकांनी पुन्हा एकदा स्थैर्य दूर सारले. 1917 मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून ते साताऱ्यास गेले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारे शिष्य जेथे भावंडांसारखे नांदतील, असा 'देवाचा दरबार' त्यांनी स्थापन केला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर ठरलेले वेतन सोडणे हे व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाचेच होते. परदेशी पैशावर उभी असलेली मंडळी या मातीत रुजणार नाही, हा त्यामागचा विचार होता.

प्रयोग मूळ धरण्यापूर्वीच प्रकृतीने साथ सोडली. 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे देहावसान झाले. दरबाराचे स्वप्न अपुरे राहिले.

सुरक्षितता म्हणजे शिलकीतला पैसा, नातलगांचा गोतावळा आणि समाजाची मान्यता, असा हिशेब माणूस सर्वसाधारणपणे मांडत असतो. टिळकांच्या हिशेबात या तिन्ही रकमा शून्यावर आल्या. यातील काही गोष्टी त्यांना परत मिळाल्या, काही कधीच मिळाल्या नाहीत. या निर्णयाचा जाच त्यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, लक्ष्मीबाईंनी सोसला, हेही चरित्रकाराला नजरेआड करता येत नाही. आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याने मोजावी का, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यातून उभा राहतो. पत्नीची वाट पाहत काढलेली पाच वर्षे आणि तिच्या सोवळ्याचा राखलेला मान, हेच त्यावर टिळकांनी दिलेले उत्तर होय.

महाराष्ट्रातील मराठी चर्चमधून त्यांची भजने आजही गायिली जातात. टाळ-मृदंगाच्या साथीने येशूचे नाव घेणाऱ्या त्या स्वरांमागे नागपूर-राजनांदगाव मार्गावरील एक ओझरती भेट आणि हाती आलेले एक लहानसे पुस्तक आहे.