टपालाची पिशवी आणि लहानसे विमान

आम्ही उज्जैनकर एकमेकांना भेटायला बोलावतो ते टावर चौकात, आणि कोणाला उशीर झाला की वरच्या घड्याळाकडे बोट दाखवतो. दक्षिणेतून माळव्यात येऊन पिढ्यान् पिढ्या इथलेच झालेल्या आमच्या घरांना वेळ आणि अंतर यांचा हिशेब जुना आहे. पुण्या-मुंबईचे पत्र कधी येईल, या वाटेकडे आमच्या आज्या-पणज्यांचे डोळे लागलेले असत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही अशा माणसाचे चरित्र सांगत आहोत, ज्याने पत्रांना पंख दिले. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जे. आर. डी. त्यांचे कारखाने सर्वांना ठाऊक आहेत. आम्ही सांगणार आहोत ते त्यांच्यातल्या वैमानिकाविषयी.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी जाई. समोर इंग्लिश खाडी आणि पलीकडे इंग्लंडचे बेट. याच गावात लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. २५ जुलै १९०९ रोजी पहाटे ब्लेरिओ यांनी अवघ्या २५ अश्वशक्तीच्या इंजिनाचे विमान कॅलेजवळून उडवले आणि सुमारे ३७ मिनिटांत ती सामुद्रधुनी ओलांडून डोव्हरच्या किल्ल्याशेजारी उतरवले. जवळ होकायंत्रसुद्धा नव्हते. उतरताना विमान मोडले, माणूस वाचला. जगभर गाजलेल्या या पराक्रमाच्या वेळी जे. आर. डी. पाच वर्षांचे होणार होते. त्यानंतरच्या सुट्ट्यांत त्यांनी हार्डेलोच्या वाळूवर विमाने उतरताना पाहिली. पंधराव्या वर्षी तिथेच पैसे देऊन विमानात एक फेरी मारली आणि आपणही वैमानिक व्हायचे, हे मनाशी पक्के केले.

इच्छा पुरी व्हायला आणखी नऊ-दहा वर्षे गेली. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला, तेव्हा जे. आर. डी. लगेच दाखल झाले. शिक्षकासोबत जेमतेम साडेतीन तास उड्डाण झाल्यावर त्यांनी एकट्याने विमान उडवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होता. त्यावर १ हा आकडा होता.

त्याच वर्षी आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. भारत आणि इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होते. जे. आर. डी. मे १९३० मध्ये आपल्या जिप्सी मॉथ विमानातून कराचीहून निघाले. उलट दिशेने, इंग्लंडहून, १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर येत होता. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकिरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचे स्पार्क प्लग बिघडले होते, जादा प्लग जवळ नव्हते, आणि तो तिथेच अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याला दिले. पुढे त्यांना भूमध्य समुद्र ओलांडायचा होता, म्हणून अस्पीने आपले तरंगते जाकीट त्यांच्या अंगावर चढवले. दोघे आपापल्या वाटेने गेले. काही तासांच्या फरकाने अस्पी आधी पोहोचला आणि बक्षीस त्याला मिळाले.

हा प्रसंग लहान मुलांना सांगावा असा आहे. प्लग दिले नसते तर जे. आर. डी. जिंकले असते, हे उघड आहे. परंतु वाळवंटात अडकलेल्या माणसाला तसेच सोडून मिळालेले बक्षीस त्यांना नको होते. तोच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट हा वैमानिक एक योजना घेऊन टाटांकडे आला होता. इंग्लंडहून येणारी हवाई टपाल कराचीपर्यंतच येई आणि पुढे रेल्वेने दिवस मोडत. ती विमानाने मुंबई-मद्रासला न्यावी, असा त्याचा विचार होता. दोराबजी टाटांनी दोन लाख रुपये गुंतवायला संमती दिली, पण सरकारी होकार यायला तीन वर्षे लागली. अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. एकटेच पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून कराचीहून निघाले. जवळ टपालाची पिशवी होती, तिचे वजन सुमारे २५ किलो. रेडिओ नव्हता, वाट दाखवणारे कोणी नव्हते. अहमदाबादला इंधन बैलगाडीतून आणून भरले गेले. दुपारी विमान मुंबईत जुहूला उतरले आणि तिथून व्हिन्सेंटने टपाल मद्रासकडे नेली.

जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची चिखलाची जमीन होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा सारा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याला हलवावा लागे. तरीही ऐन पावसात, सह्याद्रीवरून, विमाने वेळेवर येत-जात राहिली. सरकारच्या विमान खात्याने पहिल्याच वर्षाच्या अहवालात या वक्तशीरपणाची वाखाणणी केली. टावरच्या घड्याळाखाली वाट पाहणाऱ्या आम्हांला हे विशेष वाटते.

ही सेवा मग आमच्या दारापर्यंत आली. १९३५ मध्ये होळकर संस्थानाने इंदूरला विमानतळ बांधायचे ठरवले, तेव्हा जागेसाठी व्हिन्सेंटचाच सल्ला घेतला आणि बिजासनची जागा निवडली गेली. १९३७ मध्ये टाटांचे मुंबई-दिल्ली विमान इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबत जाऊ लागले. होळकर आणि शिंदे या दोन्ही दरबारांच्या शहरांना जोडणारा तो हवाई रस्ता माळव्यातून गेला. पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, सेवा मद्रासच्याही पुढे, सेतुबंधाजवळचा समुद्र ओलांडून सिलोन बेटावर कोलंबोला पोहोचली. एका सामुद्रधुनीच्या काठी विमानाचे वेड लागलेल्या मुलाच्या कंपनीने तिसाव्या वर्षी दुसरी सामुद्रधुनी नियमाने ओलांडायला सुरुवात केली.

या वाटेवर गमावलेलेही बरेच होते. १९४२ मध्ये, युद्ध चालू असताना, इंग्लंडकडे निघालेले व्हिन्सेंटचे विमान परत दिसले नाही. जे. आर. डीं.चा जिवाभावाचा सहकारी गेला. १९४८ मध्ये एअर इंडियाचे विमान मुंबईहून लंडनला जाऊ लागले. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. ते त्यांना पटले नव्हते, तरी अध्यक्षपद स्वीकारून पंचवीस वर्षे त्यांनी ती जपली. विमानातील पडद्यांपासून चहाच्या चवीपर्यंत त्यांची नजर असे. १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. कटुता त्यांनी कामात उतरू दिली नाही.

पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. पुन्हा एका जुन्या लहान विमानात बसले. लेपर्ड मॉथ त्याचे नाव. कराचीहून निघून, अहमदाबादला थांबून, ते जुहूला उतरले. तरुण पिढीला उमेद वाटावी, एवढाच त्यामागे हेतू होता. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसला, जिथे जन्मले तिथेच, त्यांना चिरविश्रांती मिळाली. २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते पाहायला जे. आर. डी. नव्हते.

आज आमची मुले पुणे-बंगळूरहून, काही तर समुद्रापलीकडून, गणपतीला दोन दिवसांसाठी विमानाने इंदूरला उतरतात आणि तासा-दीड तासात टावर चौकात हजर होतात. आरतीची वेळ त्यांना साधता येते. ही सोय आपोआप झालेली नाही. चिखलाच्या धावपट्टीवर पिशवीभर पत्रे वेळेवर उतरवणारा आणि वाटेत अडकलेल्याला आपले प्लग काढून देणारा एक माणूस तिच्या मुळाशी आहे. यंदा मांडवात मुलांना गोष्ट सांगायची झाली, तर आम्ही हीच सांगू.