नाडीचा माग काढणारे डॉ. मॅकेन्झी

छातीत धडधडले, एखादा ठोका चुकला की माणसाचा जीव घाबरा होतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशी चुकार नाडी हाताला लागली की डॉक्टरही धास्तावत आणि धडधाकट माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवून टाकत. ही धास्ती कोठे खरी आणि कोठे खोटी, याचा निवाडा करण्यात जेम्स मॅकेन्झी यांनी आयुष्य वेचले.

स्कॉटलंडमधील स्कोनजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी १८५३ साली त्यांचा जन्म झाला. आधी औषधविक्रेत्याकडे उमेदवारी, मग एडिंबरा येथे वैद्यकीचे शिक्षण आणि १८७९ पासून बर्नली या सूतगिरण्यांच्या गावात वैद्यकी, असा त्यांचा प्रवास. तेथे हृदयाची झडप आकसलेली एक तरुण गर्भवती बाळंतपणात त्यांच्यासमोर दगावली. हे संकट आधी का ओळखता आले नाही, या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही.

मनगटाची नाडी आणि मानेतील शिरेचे स्पंदन एकाच वेळी कागदावर उमटवणारे 'पॉलिग्राफ' हे यंत्र त्यांनी सिद्ध केले. त्याला शाईची लेखणी जोडण्याचे काम एका घड्याळजीच्या मदतीने तडीस गेले. मोठ्या इस्पितळातील डॉक्टरांपाशी नसलेली एक गोष्ट या गावच्या डॉक्टरपाशी होती : तेच रुग्ण वर्षानुवर्षे पाहण्याची संधी. अधूनमधून चुकणारे ठोके बाळगूनही माणसे सुखाने जगतात, हे त्यांना त्यातून दिसले. नाडी सर्वस्वी बेताल होण्याचा प्रकार मात्र वेगळा. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, आणि डिजिटॅलिसचा उत्तम गुण तेथेच येतो. १९०२ मध्ये नाडीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०७ साली, चोपन्नाव्या वर्षी, त्यांनी लंडन गाठले.

पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक धडधड, चक्कर, धाप आणि छातीतील दुखणे घेऊन परतू लागले. त्यांच्यावर हृदयरोगाचा शिक्का बसे. बहुतेकांचे हृदय शाबूत असून मूळ कारण अतिश्रम आणि जंतुसंसर्ग यांत आहे, असे मॅकेन्झी यांनी आग्रहाने मांडले. ठोके मोजण्यापेक्षा श्रमाला हृदय कसे तोंड देते ते पाहावे, हा त्यांचा दंडक होता. आजही चालताना छातीत कळ येणे किंवा धडधडीबरोबर भोवळ येणे ही तातडीने तपासण्याची लक्षणे मानली जातात.

दैवाचा खेळ असा, की हीच कळ त्यांच्याही छातीत उठू लागली. त्यांनी तिचीही टिपणे ठेवली. हृदयशूलावरील १९२३ च्या त्यांच्या ग्रंथात इतर रुग्णांच्या हकिकतींमध्ये एक हकिकत त्यांची स्वतःची आहे, नाव न घालता, इतरांइतक्याच तटस्थपणे लिहिलेली. २६ जानेवारी १९२५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार शवविच्छेदन झाले. हृदयाच्या रोहिण्या रोगट होत्या आणि स्नायूवर जुने व्रण होते. ते हृदय सेंट अँड्र्यूज येथे जतन करण्यात आले.