झिलार्ड यांची दोन पत्रे

अणुबॉम्बच्या इतिहासातील दोन पत्रांमागे एकच माणूस उभा आहे : लिओ झिलार्ड. बुडापेस्टमध्ये १८९८ साली जन्मलेल्या या ज्यू शास्त्रज्ञाने हिटलर सत्तेवर येताच जर्मनी सोडली. त्याच वर्षी, १९३३ मध्ये, लंडनमध्ये त्यांना अणुगर्भीय शृंखला-प्रक्रियेची कल्पना सुचली. तिचे पेटंट गुप्त राहावे म्हणून पुढे त्यांनी ते ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केले.

इतक्या सावध माणसाने १९३९ मध्ये बॉम्बच्या शक्यतेकडे रूझवेल्ट यांचे लक्ष वेधणारे पत्र लिहिले, ते नाझींच्या धास्तीने. सही आइन्स्टाईन यांची होती. पत्र पोचविले अलेक्झांडर सॅक्स या अर्थशास्त्रज्ञाने. म्हणजे आमचा व्यवसायही यातून सुटला नाही!

मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली. भीतीचे कारण संपले, काम मात्र थांबले नाही. सुमारे २०० कोटी डॉलर खर्ची पडले होते, आणि एवढा खर्च वापराचा तगादा लावल्यावाचून राहत नाही. पहिल्या अणुचाचणीच्या दुसऱ्याच दिवशी, १७ जुलैला, झिलार्ड यांनी शिकागोच्या ७० शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. शरणागतीच्या अटी जाहीर करून जपानला संधी दिल्याखेरीज हे अस्त्र वापरू नये, असा त्याचा आशय. ते लष्करी यंत्रणेत अडकले. ट्रूमन यांच्या नजरेस आलेच नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा, ९ ऑगस्टला नागासाकी.

ते वेळेवर पोचते तरी निर्णय बदलला असता, असे म्हणवत नाही. झिलार्ड पुढे जीवशास्त्राकडे वळले. १९६० मध्ये न्यूयॉर्कला ख्रुश्चेव्ह यांना भेटून मॉस्को-वॉशिंग्टन थेट संपर्काची कल्पना त्यांनी मांडली. तशी व्यवस्था १९६३ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी ते वारले.